माहेरची दांडी, सासरचं धड

मी डावखुरी आहे, पण पूर्ण नाही. लहानपणी फैजपूरला घरच्यांनी माझ्या डाव्या हातावर बरीच मेहनत घेतली. जेवण, लिहिणं आणि प्रसाद घेणं एवढं त्यांनी उजव्या हातावर आणून सोडलं. झाडू मारणं, कणीक मळणं आणि चिंचा पाडायला दगड मारणं यांत कोणी लक्ष घातलं नाही, म्हणून ती कामं अजून डाव्या हाताची आहेत. लग्न होऊन धुळ्याला आले, देवपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले, तेव्हा फळ्यावर महाराष्ट्राची हद्द उजव्या हाताने आणि नद्या डाव्या हाताने काढायची सवय लागली. मुलांना त्याचं कौतुक असतं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र विचारलं होतं की हे प्रशिक्षणात शिकवतात का.

घरात गिटार आली ती मुलीमुळे. दहावीनंतरच्या सुट्टीत तिने हट्टाने घेतली, विजेवरची, सोबत एक छोटा आवाजाचा डबा. महिनाभर वाजवली. पुढे शिकायला पुण्याला गेली तेव्हा कपाटावर ठेवून गेली. जळमटं काढताना मी ती खाली घेतली आणि सहज मांडीवर ठेवली. आपण ती उलटी धरली आहे, हे मला मोबाइलवरचा पहिला धडा बघेपर्यंत कळलं नाही. धडा शिकवणाऱ्या मुलाचा डावा हात दांडीवर होता, माझा उजवा. मग शोधता शोधता समजलं की डावखुरी माणसं अशीच धरतात, फक्त तारा उलट क्रमाने लावून घ्यायच्या. मी लावून घेतल्या. हळूहळू दोन-चार गाणी जमायला लागली. शाळेतून आल्यावर चहा झाला की अर्धा तास वाजवायचं, असं सुरू झालं.

पण उजव्या माणसाची गिटार उलटी धरली की तिची सगळी रचना आपल्या विरोधात जाते. आवाजाची बटणं खाली असायची ती वर येतात, आणि वाजवताना आपलं कोपर लागून आवाज आपोआप कमी होतो. वरचे सूर गाठायला हात आत जावा म्हणून धडाला एका बाजूने खोलगट काप दिलेला असतो. तो जातो वर, आणि दुसऱ्या बाजूचं शिंगासारखं लांब टोक बरोबर बरगडीत टोचतं. वर्षभर मी ते सोसलं. मग ठरवलं की स्वतःसाठी एक डाव्या हाताची गिटार घ्यायची. एवढंच ठरवलं होतं. यात भांडण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

धुळ्यात मिळाली नाही म्हणून जळगावला गेले. तिथल्या दुकानात पेट्या, ढोलक्या, तबले आणि भिंतीवर गिटारी होत्या. दुकानदार सभ्य गृहस्थ. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि डाव्या हाताची गिटार हवी हे ऐकून जरा वेळ विचार केला. अख्ख्या जिल्ह्यात अशी कोणी मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मागवली आणि मी घेतली नाही, तर ती दुकानात पडून राहणार, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "ताई, तुम्ही हात बदलून बघा ना. सवयीचाच प्रश्न आहे." हे मी वयाच्या चौथ्या वर्षापासून ऐकत आले होते. चहा चांगला होता, तो पिऊन निघाले.

आता आमच्या घरातल्या दोन पुरुषांबद्दल सांगायला हवं. माझ्या मिस्टरांचं धुळ्यात आग्रा रोडला मोटारपंपाच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. जगातली कुठलीही वस्तू ही पार्ट एकत्र येऊन झालेली आहे आणि प्रत्येक पार्ट वेगळा विकत मिळतो, यावर त्यांची श्रद्धा आहे. आमच्या घरात अखंड नवी अशी वस्तू फार कमी. मिक्सरला भांडं एकाचं आणि मोटार दुसऱ्याची. पंख्याला पाती तिसऱ्याची. सगळं चालतं, हे मान्य करायला हवं.

माझा धाकटा भाऊ जळगावला मॉड्युलर किचन बनवून देतो. त्याचा आवडता शब्द 'कस्टमाइज'. तयार वस्तू घेणाऱ्या माणसाकडे तो हळहळत बघतो. त्याच्या मते माणसाने ओट्यापासून चपलेच्या कपाटापर्यंत सगळं आपल्या मापाचं करून घेतलं पाहिजे. तो आमच्याकडे आला की ओट्याला टेकून उभा राहतो आणि म्हणतो, ताई, हा तुझ्या उंचीचा नाही. मिस्टर म्हणतात, तिची उंची वाढायची थांबली आहे, आता ओटा तोच राहील.

त्या वर्षी भाऊबिजेला आम्ही जळगावला होतो. ओवाळून झालं. भावाने ताटात पाकीट न टाकता एक रंगीत छापील कागद ठेवला. त्यावर लाकडाच्या गिटारीचं चित्र होतं.

"ताई, यंदा साडी नाही," तो म्हणाला. "तुझ्या मापाची गिटार. पूर्ण कस्टमाइज. कारागिराशी बोलणं झालंय."

मला खरंच भरून आलं. माझं म्हणणं कोणी तरी लक्षात ठेवलं होतं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मिस्टरांनी हातातला अनारसा खाली ठेवला आहे. ते शांतपणे म्हणाले, "पाव्हणे, कशाला एवढं? बाजारात पार्ट मिळतात. पार्ट मिळाले की वस्तू मिळालीच समजा."

भाऊ हसून म्हणाला, "दाजी, ही मोटार नाही."

त्यानंतर भरीत झालं, पुऱ्या झाल्या, फोटो झाले. निघताना सगळे एकमेकांशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलत होते. परतीच्या वाटेवर पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा मिस्टर म्हणाले, "आपल्याला काय एक गिटार जड होती का?" मी म्हटलं की हा जड-हलक्याचा प्रश्न नाही, त्याने प्रेमाने दिली आहे. "मी कुठे प्रेमाने देणार नाही म्हटलं?" ते म्हणाले, आणि चहा अर्धा ठेवून गाडीत जाऊन बसले.

घरी आल्यावर सासूबाईंनी वेगळाच मुद्दा काढला. माहेरहून एवढी वस्तू आली तर त्यांच्या मुलीच्या लग्नात आपण तोडीचं काय द्यायचं? भावाची मुलगी तेव्हा सातवीत होती. तरी त्यांनी तो विषय दोन दिवस सोडला नाही. अशा रीतीने गिटार हे माझं वाद्य न राहता दोन घरांमधला व्यवहार झाला, आणि दोन्हीकडे एकाच वेळी काम सुरू झालं. दोघांनाही मी सांगून बघितलं की एक बस आहे. भाऊ म्हणाला, दाजींना करू दे, त्यांची हौस आहे. मिस्टर म्हणाले, पाव्हण्यांची येईल तेव्हा येईल, तोवर तू काय वाजवशील?

भावाने शोधलेला कारागीर तिकडे किनाऱ्याकडच्या कुठल्या गावात राहायचा. मराठीच होता, पण मराठी फार सावकाश बोलायचा, एकेक शब्द जणू तासून काढल्यासारखा. तो गिऱ्हाईक निवडून घेतो, असं भावाने मला अभिमानाने सांगितलं. म्हणजे आधी माझी मुलाखत होणार होती. त्यासाठी मी मुलीची गिटार घेऊन जळगावला गेले. भावाच्या शोरूममध्ये नमुन्याचं एक स्वयंपाकघर आहे, ज्यात कधी काही शिजलेलं नाही. त्याच्या ओट्यावर मोबाइल उभा करून आम्ही बोलायला बसलो.

कारागिराने मला काय वाजवते हे विचारलं नाही. मी उन्हाळ्यातली आहे की हिवाळ्यातली, हे विचारलं. मी म्हटलं की धुळ्यात राहते, त्यामुळे उन्हाळ्यातली. ते त्याला फार आवडलं, त्याने लिहून घेतलं. मग दोन्ही तळवे दाखवायला लावले. भावाने मध्ये सांगितलं की आम्ही मूळचे फैजपूरचे, केळीच्या पट्ट्यातले. तेही लिहून घेतलं गेलं. शेवटी मीच विषय काढला.

"मी डावखुरी आहे," मी म्हटलं. "बाकी काही नसलं तरी चालेल. मला डाव्या हाताची हवी."

तो समजूतदारपणे हसला. "डावं-उजवं ही कारखान्यांची भाषा आहे. मी माणसासाठी बनवतो. तुम्ही जशा वाजवता तसा एक फोटो पाठवा. बाकी माझ्यावर सोडा."

भावाचे डोळे चमकले. तोही गिऱ्हाइकांना हेच सांगतो. त्याने तिथेच मला नमुन्याच्या स्वयंपाकघरासमोर स्टुलावर बसवलं, मुलीची उलटी गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले. एका फोटोत मागचे ड्रॉवर उघडे दिसत होते, तो त्याने आपल्या जाहिरातीसाठी ठेवून घेतला. बाकीचे कारागिराला पाठवले आणि खाली लिहिलं की ताई अशी वाजवते, अगदी अशीच, पण उत्तम प्रतीची हवी.

इकडे मिस्टरांचं काम वेगळ्या पद्धतीने चाललं होतं. ते पार्ट विकणाऱ्यांना फोन करायचे. पलीकडचा माणूस विचारायचा, कुठल्या मॉडेलची गिटार? हे म्हणायचे, मॉडेल नको, माप सांगा. दुकानातल्या एका फळीवर सील आणि बुश यांच्या मध्ये एक खोका आला. त्यावर त्यांनी खडूने 'गिटार (घरची)' असं लिहिलं. एका ठिकाणाहून खुंट्या आल्या. दुसऱ्या ठिकाणाहून तारा टेकवायची घोडी. तारांचा आवाज पकडणारी चुंबकं कुठून तरी लांबून आली, आणि खरं सांगायचं तर ती त्यांनी फार चांगली निवडली होती. तांब्याचे वेढे किती, तार किती जाड, हे विचारून घेतलं होतं. मोटारीचं वाइंडिंग कळणाऱ्या माणसाला यातलं कळतं.

धड त्यांनी डाव्या हाताचंच मागवलं. तेवढं मी त्यांच्यासमोर बसून, बोट ठेवून मागवून घेतलं. ते कोरं लाकूड होतं, रंग नव्हता. रंग कोणता द्यायचा हे मी ठरवायच्या आत, दुकानात दुरुस्त मोटारींना मारतात तो हिरवा त्यांनी त्याला मारून टाकला. हा रंग पाण्यात बसत नाही, उन्हात उडत नाही, असं त्यांनी मला पटवून दिलं. मी गिटार विहिरीत सोडणार नव्हते.

दांडी मागवताना मात्र मी शाळेत होते. संध्याकाळी कळलं की उजव्या हाताची आली आहे, कारण ती लगेच मिळत होती. मी म्हटलं, अहो, दांडीलाही डावं-उजवं असतं. तिच्या टोकाला पांढरी पट्टी असते, तिच्यात जाड तारेची खाच एका बाजूला आणि बारीक तारेची दुसऱ्या बाजूला असते.

"दांडी सरळ आहे," ते म्हणाले. "सरळ वस्तूला डावं-उजवं कुठलं?"

म्हणजे किनाऱ्यावरचा कलावंत आणि आग्रा रोडचा व्यापारी या एका बाबतीत एकमताचे होते.

ही दांडी धडाच्या खाचेत बसेना. दोन वेगळ्या कंपन्यांचा माल, मापात थोडा फरक. मिस्टरांनी कानस घेतली आणि दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा खाच घासायला लागले. कधी गिऱ्हाईक असतानाही. शिरपूर, साक्रीकडून पंपाचे पार्ट घ्यायला येणारे शेतकरी काउंटरवरचं ते हिरवं धड निरखून बघायचे. एकदा मी डबा द्यायला गेले तेव्हा एक आबा त्यांना अहिराणीत विचारत होते, "हाई कोनती मोटर शे, भाऊ?"

"मोटर नही, गिटार शे."

आबांनी ती उलटसुलट बघितली. "कितला हॉर्सपॉवरनी?"

मिस्टर गंभीरपणे म्हणाले, "घरगुती शे." आबांना ते पटलं. त्यांनी सील घेतलं आणि गेले.

या सगळ्या महिन्यांत माझं स्वतःचं काय चाललं होतं, तर मी वाजवणं जवळजवळ बंद केलं होतं. वेळच नव्हता. रोज चहानंतरचा अर्धा तास मी मोबाइलवर लाकडांबद्दल ऐकण्यात घालवत होते. कोणत्या लाकडाचा आवाज उबदार, कोणत्याचा टोकदार, जुनं वाळलेलं चांगलं की भाजलेलं, बनवून घ्यावी की जोडावी. दोन्ही बाजूंनी कळकळीने बोलणारी माणसं जगात भरपूर आहेत. त्यांतली बरीचशी पूर्ण गाणं कधी वाजवत नाहीत, एकच तार छेडून डोळे मिटतात. मीही स्टाफरूममध्ये शिसवी लाकडाबद्दल मत देऊ लागले. चित्रकलेच्या बाईंनी एकदा विचारलं की मग तुम्ही आता काय वाजवता, तेव्हा मी म्हटलं, सध्या माझं लाकडाचं चाललंय.

कारागिराकडून मधूनमधून फोटो यायचे. एकात फळी उन्हात ठेवलेली, खाली लिहिलेलं की लाकूड विश्रांती घेत आहे. पुढच्या महिन्यात तीच फळी सावलीत. भाऊ ते सगळ्या नातेवाइकांना पाठवायचा. चोपड्याच्या मामांनी कळवलं की पलंग छान होईल.

एप्रिलमध्ये मिस्टरांची गिटार जोडून झाली. ती घरी आणली तेव्हा उन्हामुळे रस्ते ओस होते आणि आम्ही दारं-खिडक्या लावून बसलो होतो. आवाजाच्या डब्याला जोडली तर एवढा घरघराट की सासूबाई आतून म्हणाल्या, मिक्सर बंद करा. मिस्टर म्हणाले, अर्थिंग राहिलं. त्यांनी मागचं झाकण उघडून एक वायर घोडीला जोडली आणि घरघर थांबली. मी गिटार मांडीवर घेतली.

ती कशी बसली, हे सांगणं अवघड आहे. कोपराखाली काही नव्हतं. बरगडीला काही टोचत नव्हतं. माझा हात जिथे जायला हवा तिथे लाकूड बाजूला झालेलं होतं. आयुष्यात कात्री, डबे उघडायचं यंत्र, शाळेतल्या परीक्षेचं बाक, कुठलीच वस्तू माझ्या बाजूने वळलेली मी वापरली नव्हती. मी बराच वेळ नुसती धरून बसले. मिस्टर उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "वाजव की."

मोकळ्या तारा छेडल्या. आवाज गोल, भरीव आला. पण दांडीवर बोट दाबलं की नुसता खडखडाट. जाड तार बारीक खाचेत बसली नव्हती, वर तरंगत होती. बारीक तार जाड खाचेत इकडून तिकडे हलत होती. तेवढं कानशीने झालंही असतं. पण दांडीच पिळली होती. ती दोन-तीन आठवडे दुकानात शटरपाशी ठेवली होती, आणि आमच्या उन्हात तिथे लोखंडालाही घाम फुटतो. मिस्टरांनी तिला डोळ्यापाशी धरून एका टोकाकडून बघितलं, तिला सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा स्क्रू फिरवला, पुन्हा बघितलं. गिटार कोपऱ्यात उभी केली. रात्री जेवताना मात्र म्हणाले की चालू मोटार आणि ही, फार फरक नाही, एक पार्ट बदलला की झालं. पण त्यांचा चेहरा उतरला होता. मला त्यांची दया आली आणि ती दाखवायची नाही एवढं मला कळत होतं.

दांडी बदलायच्या आतच भावाची गिटार आली. जूनमध्ये तो स्वतः ती घेऊन धुळ्याला आमच्या घरी आला, सोबत पेढे. लाकडी पेटी, आत मखमल. त्याने सासूबाईंना पुढे बसवलं आणि झाकण उघडलं. आम्ही सगळे पुढे वाकलो. तपकिरी लाकडावर पाण्यासारखी चमक होती. दांडीवर पडद्यांच्या, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, मधल्या जागेत शिंपल्याची छोटी छोटी केळीची पानं बसवली होती, प्रत्येक पानाची शीर दिसत होती. सासूबाईंनी एका पानावरून बोट फिरवलं आणि त्यांच्या मनात पुन्हा लग्नातल्या आहेराचं आलं असावं.

मी ती उचलून आवाजाच्या डब्याला जोडली आणि मांडीवर घेतली. शिंग बरगडीत टोचलं. बटणं वर होती. कोपर टेकलं आणि आवाज गेला.

मला क्षणभर वाटलं मी उलटी धरली आहे. फिरवून बघितलं. नाही, तारा माझ्याच क्रमाने होत्या. त्या माणसाने भावाचा फोटो समोर ठेवून, मी जी अडचण वर्षभर सोसली होती ती हुबेहूब, उत्तम लाकडात कोरून पाठवली होती. उजव्या हाताची गिटार, उलटी धरलेली, उलट्या तारांची.

भावाने लगेच त्याला फोन लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मी त्याला काय झालं ते सांगितलं.

"मी तुमची शैली जपली आहे," तो म्हणाला.

"ती शैली नाही हो. मला तशी मिळत नव्हती म्हणून मी तसं वाजवत होते."

"शैली अशीच घडते, मॅडम." त्याच्या आवाजात जराही घाई नव्हती. "फोटोत तुमचं कोपर जिथे घासतं, तिथे मी पॉलिशचा थर जाड दिलाय. बघितला का?"

मी बघितलं. दिला होता.

भाऊ पेढा न खाताच गेला. जाताना दारात म्हणाला, "ताई, तुला डाव्या हाताचीच हवी होती, ते तू सांगितलं होतंस. मला वाटलं त्याला कळलं." मी म्हटलं, ती फार सुंदर आहे. ते खोटं नव्हतं. मिस्टर संध्याकाळपर्यंत उत्साहात होते, दोनदा शीळ घातली. मग त्यांची नजर कोपऱ्यात उभ्या हिरव्या गिटारीच्या पिळलेल्या दांडीकडे गेली आणि शीळ थांबली.

काही दिवस दोन्ही गिटारी भिंतीला टेकून शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही माझ्यासाठी केलेल्या, आणि एकीवरही मला वाजवता येत नव्हतं. दोन्ही बाजू मला विचारायच्या, कशी वाटते? मी म्हणायची, छान. शाळा सुरू झाली होती. मी परत मुलीची जुनी गिटार काढली.

एका रविवारी मिस्टर शिरपूरला लग्नाला गेले होते. मी जेवून पडले होते आणि समोरच्या दोघींकडे बघत होते. एकीची दांडी उत्तम, आणि तिच्या पट्टीतल्या खाचा माझ्या तारांप्रमाणे कापलेल्या, कारण फोटोत तारा तशाच होत्या. दुसरीचं धड माझ्या बाजूचं. मी उठले, मिस्टरांची मोजपट्टी काढली आणि घोडीपासून दांडीच्या टोकापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं. सारखं होतं. दोन्हीकडे दांडी मागून चार स्क्रूंनी धरलेली.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेतल्यावर मात्र मला भीती वाटली. भाऊबिजेची वस्तू, त्याने इतक्या हौसेने दिलेली. सासूबाई जवळच लसूण सोलत बसल्या होत्या.

"नवीच आहे ना गं ती?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

"मग खोलते कशाला?"

मी म्हटलं, "वाजवायला." त्या लसूण सोलायचा थांबवून बघत राहिल्या.

केळीच्या पानांची दांडी हिरव्या धडाच्या खाचेत अलगद गेली. मिस्टरांनी घासून घासून ती खाच बरोबर तेवढी करून ठेवली होती, फक्त भलत्या दांडीसाठी. स्क्रूंची छिद्रं मात्र जुळली नाहीत. जुन्या छिद्रांत काडेपेटीच्या काड्या गोंद लावून ठोकल्या, ते वाळेपर्यंत चहा केला, मग नवी छिद्रं पाडली. हे सगळं मी डाव्या हाताने केलं आणि कोणी सुधारायला आलं नाही. तारा चढवल्या. सूर लावले. पहिलं गाणं सुरू केलं ते शेवटपर्यंत वाजलं, मध्ये एकदाही आवाज गेला नाही. सासूबाई म्हणाल्या, हे बरं आहे, पण रंग कोणी निवडला?

मिस्टर आले तेव्हा मी वाजवतच होते. त्यांनी चपला काढल्या, जवळ येऊन वाकून बघितलं, मागचे स्क्रू तपासले. "धड आपलंच आहे ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते हात-पाय धुवायला गेले. भावाला मी स्वतः फोन करून सांगितलं, कारण दुसऱ्याकडून कळलं असतं तर वाईट झालं असतं.  तो म्हणाला, "सूर तर दांडीवरच लागतात ना, ताई? म्हणजे गिटार आपलीच झाली." मी त्यालाही हो म्हटलं. हे दोन्ही हो खरे आहेत, पण मी ते दोघांना एकत्र बसवून कधी म्हटलेले नाहीत.

उरलेल्या दोन भागांची मिळून आणखी एक गिटार झाली, अगदी नेमकी उजव्या हाताची. दांडी पिळलेली असल्यामुळे ती वाजत नाही. भावाने ती नेली आणि शोरूममध्ये, त्या कधीही न शिजलेल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगली. गिऱ्हाइकाला तो दाखवतो की हे बघा, एका माणसाच्या मापाची वस्तू म्हणजे काय. त्याचं म्हणणं आहे की ती बघून काही लोक एका बैठकीत किचन पक्कं करून जातात. इकडे दुकानात मिस्टर सांगतात की रंग बघा, वर्ष झालं, एक टवका उडालेला नाही.

आता मी रोज वाजवते. सध्या एका ठिकाणी अडकले आहे. एका कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांत, पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरावं लागतं, आणि माझी मधली एक तार बोलतच नाही, दर वेळी थप्प असा आवाज येतो. मिस्टर पेपर बाजूला करून म्हणतात, घोडी बदलून बघू का, एक चांगली आली आहे बाजारात. भावाने तर दुसरा कारागीर शोधला आहे, तो फोटो मागत नाही, स्वतः येऊन हात बघतो म्हणे. मी दोघांनाही सांगितलं की गिटारीत काही दोष नाही, बोट माझंच कच्चं आहे. दोघांचाही त्यावर विश्वास बसलेला नाही. मी बोट पुन्हा आडवं ठेवते आणि दाबते.